साळुंकीची नोंद कोण ठेवणार?

दिसलेले सांगावे की लपवावे, या प्रश्नावरून निसर्गप्रेमींमध्ये सध्या जी भांडणे होतात ती ऐकताना वाटते की मूळ प्रश्न दोन्ही बाजूंच्या हातून केव्हाच निसटला आहे. कुणी नवखा मुलगा पडक्या वाड्यातल्या गव्हाणी घुबडाचा फोटो दाखवतो, उत्साहाच्या भरात गावाचे नाव सांगून टाकतो आणि जाणकार त्याच्यावर तुटून पडतात: ठिकाण सांगितलेस म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवलीस. मग दुसरी फळी उभी राहते: निसर्ग काय तुमच्या मालकीचा आहे? दोन-चार दिवस हे चालते, मुलगा गप्प होतो आणि पुढच्या वेळी काही सांगायच्या फंदात पडत नाही. वाद असतो घुबडाचा, खवले मांजराचा, फार तर बिबट्याचा. हौशी माणसाला वर्षभर दिसते ते मात्र वेगळेच: साळुंक्या, बुलबुल, दयाळ, तारेवरचा कोतवाल, बांधावरची टिटवी, भिंतीवरची पाल, पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे पतंग. हे सांगावे की नाही असे कुणी विचारतच नाही, कारण ते सांगण्याजोगे आहे असेच कुणाला वाटत नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो. रोज दिसणारे, साधे, ज्याचे कुणाला कौतुक नाही ते तारीख, ठिकाण आणि संख्येसह उघडपणे सांगितले पाहिजे. आज सांगितले जाते त्याच्या कित्येक पट सांगितले पाहिजे. ज्या मोजक्या जिवांवर माणसाच्या लोभाची नजर आहे, त्यांचे बीळ, ढोली किंवा घरटे नेमके कुठे आहे ते सांगू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. येतात असे भासवले जाते आणि त्या भासापायी आपण साध्या नोंदींचा अख्खा ठेवा हातचा घालवत आहोत.

लपवा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मांडुळाचे काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. बिनविषारी, मातीत तोंड खुपसून राहणारा हा साप गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या खुळ्या समजुतींपायी चोरून विकला जातो. अमावास्येच्या अघोरी पूजा घुबडांच्या जिवावर बेततात. चीनमधल्या एका गुहावासी पालीचे शास्त्रीय वर्णन 1999 साली प्रसिद्ध झाले आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी ती इतकी पकडली गेली की मूळ ठिकाणी ती जवळजवळ उरली नाही. 2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी म्हणूनच लिहिले की अशा जातींची नेमकी ठिकाणे छापणे थांबवा. आणि नुकसान करायला शिकारीच लागतो असेही नाही. कास पठारावर फुले पाहायला लोटलेल्या गर्दीपायी कुंपण घालायची आणि रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवायची वेळ आली. भंडारदऱ्याच्या काजव्यांना पाहायला शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. ज्या अंधारात काजव्याची मादी नराचा प्रकाश शोधते, त्या अंधारात हेडलाइट घुसतात.

सगळ्यात जळजळीत दाखला अमेरिकेतल्या ‘पॅसेंजर पिजन’ या रानकबुतराचा. एकोणिसाव्या शतकात त्यांचे थवे आकाश झाकून टाकत. मग तारायंत्र आले, रेल्वे आली. कबुतरांची वसाहत कुठल्या रानात उतरली आहे ही बातमी तारेने फिरू लागली, तिच्यामागे धंदेवाईक शिकारी जाऊ लागले आणि मारलेल्या पक्ष्यांची पिंपे रेल्वेने शहरांत पोहोचू लागली. या जातीची शेवटची मादी 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. बातमी जीव घेते, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

पण याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. 1857 साली ओहायो राज्याच्या सिनेटमध्ये या कबुतराच्या रक्षणाची मागणी आली, तेव्हा समितीने अहवाल दिला की त्याला रक्षणाची गरज नाही. तो अफाट आहे. समितीतले लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यासमोर आकडाच नव्हता. इतका सामान्य पक्षी मोजायचा कशाला, असेच तेव्हा सगळ्यांना वाटत होते. कुठे उतरले ही बातमी शिकाऱ्याला पोहोचत होती. गेल्या वर्षीपेक्षा कमी उतरले ही बातमी मात्र कुणीच कुणाला देत नव्हते. त्या कबुतराच्या मरणाला पहिल्या बातमीचे असणे जितके कारणीभूत, तितकेच दुसऱ्या बातमीचे नसणेही.

आपल्याकडे हेच गिधाडांच्या बाबतीत घडले. आजच्या साठीतल्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडे कशी उतरत, तासाभरात सांगाडा कसा लख्ख होई, हे तो डोळ्यांपुढे उभे करील. किती असत? खूप. कधीपासून दिसेनाशी झाली? ते काही आठवत नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली आणि ही घसरण ध्यानात आली ती मुख्यतः राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात जुनी मोजणी हाताशी होती म्हणून. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात तिथली गिधाडे आणि त्यांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा फरक अंगावर आला. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध कारण म्हणून सापडले आणि 2006 साली गुरांसाठीच्या त्याच्या वापरावर बंदी आली. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या शिवारात तेव्हा गिधाडे होती. तिथल्या एखाद्या शाळामास्तराने, तलाठ्याने, पोस्टमनने दरवर्षी वहीत आकडा टिपला असता आणि तो चार लोकांना दाखवला असता, तर धोक्याची घंटा किती आधी वाजली असती? त्यांनी टिपले नाही यात त्यांचा दोष नाही. गिधाड ही टिपण्याची गोष्ट आहे असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला निसर्ग हाच मूळचा निसर्ग समजते आणि घट तिथून पुढे मोजते. आजोबांच्या वेळचे कुणाच्या हिशेबातच येत नाही. म्हणून दर पिढीला वाटते की थोडेसेच कमी झाले. या विस्मरणावर उपाय एकच: त्या त्या काळच्या साध्या गोष्टींची त्या त्या काळी केलेली, इतरांना पाहता येईल अशी नोंद. दुर्मीळ गोष्टींची आठवण आपोआप राहते. वाघ कधी आला हे गाव तीन पिढ्या सांगते. चिमण्या किती होत्या, हे कोण सांगतो?

चिमणीचे नाव निघालेच आहे तर तिच्याबद्दलच बोलू. चिमण्या संपल्या, मोबाइलच्या टॉवरनी मारल्या, असे आपण कित्येक वर्षे छातीठोकपणे म्हणत आलो. भारतातल्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून 2020 साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला मोठा अहवाल निघाला, तेव्हा दिसले की मोठ्या शहरांत चिमणी कमी होत असली तरी देशभराचा विचार करता तिची संख्या बरीचशी स्थिर आहे. 2023 साली दुसरा अहवाल आला तो 30 हजारांहून अधिक लोकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यात धक्का बसला तो नीलकंठाचा. तारेवर निवांत बसणारा, उडाला की निळाईची उधळण करणारा, ज्याचे दसऱ्याला दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ इतका घटला आहे की जागतिक धोक्याच्या यादीत त्याचे स्थान नव्याने तपासावे, अशी शिफारस करावी लागली. ज्याची काळजी करत होतो तो पक्षी बराचसा सावरलेला निघाला आणि जो असणारच असे गृहीत धरले होते तो हातून निसटत होता. हे कळले कुणामुळे? दुर्मीळ पक्ष्यामागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांमुळे नक्कीच नाही. ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभे राहून कावळे चार, पारवे अकरा, साळुंक्या सहा असे लिहिणाऱ्यांमुळे.

इथे एक तांत्रिक वाटणारी, पण सगळ्या वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या माणसाने फक्त विशेष वाटले तेवढेच सांगितले, तर त्याच्या न सांगण्याला काही अर्थ राहत नाही. त्याने साळुंकी लिहिली नाही याचा अर्थ साळुंकी नव्हती, की होती पण लिहावीशी वाटली नाही? कळायला मार्ग नाही. तोच माणूस जेव्हा ओळखता आले तेवढे सगळे पक्षी लिहितो, किती वेळ पाहिले, किती चालला हेही लिहितो, तेव्हा यादीत जे नाही तेही बोलू लागते. घट मोजता येते ती अशा याद्यांवरून. म्हणून घुबडाच्या एका फोटोपेक्षा कावळ्यांनी भरलेली कंटाळवाणी यादी मला कितीतरी मोलाची वाटते. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट करून दिसेल तो पशुपक्षी मारायची स्पर्धा असे. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी 1900 साली सुचवले की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी जेमतेम 27 लोक आले. ती मोजणी आजही दरवर्षी चालते आणि शतकभरात पक्षी कुठून कुठे सरकले, हे तिच्यामुळे सांगता येते.

हौशी लोक चुकतात, त्यांच्या नोंदींवर काय विश्वास ठेवायचा, असा आक्षेप नेहमी येतो. चुकतात, हे खरे. शिक्ऱ्याला ससाणा म्हणतात, पावशाला शिक्रा म्हणतात. त्यांच्या नोंदी शहरांभोवती, रस्त्यांच्या कडेला, रविवारी सकाळी दाटतात; गडचिरोलीच्या आतल्या रानातून महिनोन्महिने काही येत नाही, हा तर त्याहून गंभीर दोष आहे. पण सांगितलेली चूक दुसरा दुरुस्त करतो. न सांगितलेली तशीच राहते. आणि नोंदी एका जागी दाटल्या असतील तर उरलेल्या जागांहून अधिक नोंदी आणणे हाच इलाज, आहे त्या थांबवणे नव्हे. शिवाय या देशातले पक्षीशास्त्र उभे राहिले ते कुणाच्या बळावर? 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. दोघेही पेशाने डॉक्टर. ज्यांनी हिंदुस्थानभरच्या पक्ष्यांची माहिती गोळा केली ते अ‍ॅलन ह्यूम सरकारी अधिकारी होते आणि त्यांना नमुने (म्हणजे मारून जपलेले पक्षी) आणि टिपणे पाठवणारे होते जागोजागचे कलेक्टर, जंगलखात्यातले लोक आणि इंजिनिअर.

ह्यूम यांचे नाव घेतले की रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठिकाण सांगण्या-न सांगण्याच्या वादात तिच्याइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही. ह्यूम यांनी 1873 साली या छोट्या घुबडाला नाव दिले. पुढच्या दहा-बारा वर्षांत काही मोजके नमुने मिळाले. त्यांतले काही खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या परिसरात मिळवलेले. 1884 नंतर खरा नमुना एकही नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या लष्करी अधिकाऱ्याने आपण हा पक्षी 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याची नोंद केलेली होती. पुढे लोक त्याच्या शोधात निघाले ते या नोंदीवर विसंबून आणि हात हलवत परतले. नव्वदच्या दशकात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झाले की माइनर्ट्झहागेनचा पक्षी एका जुन्या संग्रहातून चोरून, नवे ठिकाण आणि नवी तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवलेला होता. खोटे ठिकाण बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर फांदीवर बसलेला दिसला. 113 वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला आणि 2014 साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर शहादा लिहिले नसते, तर? ‘ठिकाण गुप्त’ लिहिले असते, तर? एका पक्ष्याला आपण कायमचा नामशेष समजून बसलो असतो आणि त्याच्या रानाच्या रक्षणाचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. त्याच वेळी, आज शहाद्याच्या रानात रानपिंगळ्याची ढोली कुणाला दिसली तर ते झाड जगाला सांगू नये, हेही मला तितकेच मान्य आहे. तालुका सांगावा, झाड सांगू नये. सगळा वाद या एका रेषेशी येऊन थांबायला हवा होता. ही रेष ओढण्याची सोयही आहे. निसर्गनोंदींच्या ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचे स्थान आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर होते, पक्षीनोंदींच्या ‘ईबर्ड’वर संवेदनशील पक्ष्यांची ठिकाणे झाकली जातात. एवढे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे की मोबाइल फोटोच्या फायलीतच जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. मांडुळाचा फोटो कुणाला पाठवण्याआधी ते काढून टाकावेत.

लपवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: लपवलेले नेमके कुणापासून लपते? चार जाणकारांना ठाऊक असलेले ठिकाण पैसे मोजणाऱ्या छायाचित्रकाराला वाटाड्यामार्फत सहज कळते. ज्याला कळत नाही तो त्याच गावातल्या शाळेतला मुलगा. गुपित हळूहळू प्रतिष्ठेचे नाणे होते; ज्याच्याकडे जास्त गुपिते तो मोठा निसर्गप्रेमी. यात पक्ष्याचे रक्षण किती आणि माणसाचा मान किती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

उघडपणे सांगितल्याने जीव वाचल्याचे दाखले हवेत? 2012 च्या ऑक्टोबरमध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर स्थलांतराच्या वाटेवर उतरणारे अमूर ससाणे जाळ्यात धरून लाखाच्या संख्येने मारले जात होते. काही निसर्गप्रेमींनी तिथे जाऊन ते चित्रित केले आणि गावाच्या नावासकट जगासमोर मांडले. पांगती आणि आसपासच्या गावांनी पुढच्याच वर्षी ती शिकार थांबवली. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात, हे लपवून ठेवले असते तर अंडी पूर्वीसारखीच चोरीला जात राहिली असती. ते सांगितले गेले, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेतले आणि आज तिथे घरोघरी पाहुणे उतरतात ते वाळूवरून समुद्राकडे निघालेली पिल्ले पाहायला. गर्दीचे प्रश्न तिथेही आहेत. पण ते सोडवायला गाव उभे आहे, कारण गावाला माहीत आहे.

आणि माळरानांचे काय? माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो इथे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतली गवताळ माळराने सरकारी कागदांवर पडीक जमीन म्हणून नोंदली जातात. तिथे लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, धाविक आणि पखुर्डीसारखे पक्षी आहेत, गवतातून सरळ आभाळात चढत गाणारा चंडोल आहे. पण कागदावर काही नाही, म्हणून वृक्षारोपणासाठी खड्डे तिथेच खणले जातात, कारखान्यासाठी जागा तिथलीच निघते, मुरूम तिथलाच उपसला जातो. जंगल तोडले तर निदान ओरड होते. गवत नांगरले तर कुणाला कळतही नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी हातून गेल्यातच जमा आहे. पुढच्या माळाची सुनावणी लागेल तेव्हा तिथे काहीच नव्हते असे कुणी म्हणाले, तर उत्तर म्हणून काय दाखवणार? एका लांडग्याचा एक झकास फोटो पुरत नाही. तो वाट चुकून आला होता असे सांगून फेटाळता येतो. पाच वर्षे, बारा महिने, दहा वेगवेगळ्या माणसांनी त्याच माळावर लिहिलेल्या चंडोल आणि टिटव्यांच्या याद्या फेटाळणे अवघड असते. त्या गुपचूप वहीत ठेवल्या तर तो माळ गेल्यावर त्यांचा उपयोग फक्त हळहळण्यापुरता.

गर्दी आणि बेशिस्त यांवरचा उपाय मौन हा नाही, नियम हा आहे आणि तो कायद्यात आधीच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी नासवणे आणि त्यांना उपद्रव देणे हेही तिच्यात येते. घरट्यावरची फांदी बाजूला करून पिल्लांचा फोटो काढणारा माणूस कायद्याच्या नजरेत कुठे उभा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? नवख्याला ओरडून गप्प करण्याऐवजी हे सांगितले तर तो बोलत राहील आणि शिकेलही.

2020 पासून महाराष्ट्र शासन 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळते. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, भाषणे होतात. प्रत्येक शाळेने त्या आठ दिवसांत एकदा, सकाळी अर्धा तास, आवारात दिसतील तेवढे सगळे पक्षी मोजून तारखेसह लिहावेत. ती यादी व्हरांड्यातल्या फळ्यावर लावावी आणि सार्वजनिक नोंदसंग्रहातही टाकावी. घरटे कुठे आहे ते लिहू नये. कावळे, पारवे, साळुंक्या एवढेच दिसले तर तेवढेच लिहावे. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच आवारात, पुन्हा मोजावे.